दोन चाकांची जपानी स्पोर्ट्स कार

१९६७ साली जपानमध्ये दोन गाड्या विक्रीला आल्या आणि जपानी मोटारीकडे बघण्याची जगाची नजर बदलली. एक टोयोटाची २०००जीटी, दुसरी माझ्दाची कॉस्मो स्पोर्ट. तोवर जपानी गाडी म्हणजे स्वस्त, काटकसरी, बाजारहाटाला बरी, एवढीच तिची ओळख होती. २०००जीटीमध्ये दोन लिटरचं, सहा सिलिंडरचं, दीडशे अश्वशक्तीचं इंजिन होतं. गाड्या बनल्या साडेतीनशेच्या आसपास, पण त्याच वर्षी जेम्स बाँडच्या सिनेमात ती झळकली आणि जगभर पोचली. दोन वर्षांनी डॅटसनने २४०झेड आणली आणि अमेरिकेतल्या मध्यमवर्गाला परवडेल अशी खरीखुरी स्पोर्ट्स कार जपानने विकून दाखवली.

त्या काळात इकडे विदर्भातल्या वर्ध्याच्या माणसापुढे पर्याय दोनच, फार तर तीन. ॲम्बेसेडर, फियाट, आणि कुणाकडे असली तर स्टँडर्ड हेराल्ड. पुढे आयात थोडी सैल झाली तरी जुन्या जपानी गाडीला दार बंदच राहिलं. वापरलेली मोटार परदेशातून आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. विंटेज म्हणून आणायची तर कित्येक वर्षं १९५०च्या आधीच बनलेली लागायची. जपानच्या सगळ्या नावाजलेल्या स्पोर्ट्स कार या दोन नियमांच्या मधल्या खड्ड्यात पडल्या. त्यामुळे हौशी लोकांनी कितीही मासिकं चाळली तरी २४०झेडची चावी हाती येणं अवघडच.

पण स्पोर्ट्स कार म्हणजे नेमकं काय, हे एकदा ठरवू या. चार चाकं, उतरतं छप्पर आणि लाल रंग, एवढंच असेल तर विषय इथेच संपला. माझ्या मते तिची खूण वेगळी आहे. अंगाने हलकी, कामापुरताच धातू वापरलेली, आणि इंजिन असं की ते सावकाश चालवलं तर कुरकुरतं, पिळलं तर खुलतं. चालवणाऱ्याला सतत काहीतरी करायला लावते ती स्पोर्ट्स कार. ही कसोटी मान्य असेल तर ती वर्ध्याला आली होती. दोन चाकांवर आली, ऐंशीच्या दशकात आली, आणि बापाचा डोळा चुकवून पोरांनी चालवली.

सरकारने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला छोट्या मोटारसायकलींसाठी परदेशी भागीदारीला वाट मोकळी केली आणि जपानच्या चारही मोठ्या कंपन्या दोन-तीन वर्षांत भारतात उतरल्या. १९८४ साली होसूरहून टीव्हीएसची इंड-सुझुकी आली. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली, चारांतली एकटीच फोर-स्ट्रोक, शांत आणि कमी पिणारी. त्याच वर्षाच्या अखेरीस एस्कॉर्ट्सने यामाहाची आरएक्स १०० आणली. १९८६ साली बजाजने कावासाकीची केबी १०० आणली. एस्कॉर्ट्सने त्याआधीच, १९८३मध्ये, यामाहाच्या आरडी ३५०चा भारतीय अवतार 'राजदूत ३५०' या नावाने काढला होता. दोन सिलिंडर, ३४७ सीसी, सहा गिअर. ती गाडी आपल्या देशाला फार लवकर मिळाली. पेट्रोल इतकं पिई की घेणाऱ्याला घाम फुटायचा, आणि पुढच्या चाकाला डिस्कऐवजी ड्रम ब्रेक दिल्यामुळे थांबताना चालवणाऱ्याला. आज तिला जे देव्हाऱ्यात बसवतात, त्यांतल्या बऱ्याच जणांनी त्या वेळी तिच्याकडे पाठ फिरवली होती.

यातली केबी १०० वर्ध्याला तशी घरचीच म्हणायला हवी, फक्त हे नातं फारसं कुणी मोजत नाही. बजाज ऑटोचा जन्म २९ नोव्हेंबर १९४५चा आणि जन्मनाव 'बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन'. हे बछराज म्हणजे वर्ध्याचे सावकार आणि व्यापारी शेठ बछराज बजाज. राजस्थानात सीकरजवळच्या खेड्यातल्या एका मुलाला त्यांनी नातू म्हणून दत्तक घेतलं, तो मुलगा म्हणजे जमनालाल. पुढे गांधीजी ज्यांना आपला पाचवा मुलगा मानत, ज्यांनी १९२८ साली वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुलं केलं, आणि ज्यांच्या आग्रहामुळे गांधीजी वर्ध्यात आले, ते जमनालाल बजाज. त्यांच्या जुन्या फोर्ड गाडीला बैल जुंपून ती सेवाग्रामच्या वाटेवर फिरवली जाई आणि तिला गमतीने 'ऑक्स-फोर्ड' म्हणत, अशी आठवण सांगितली जाते. इंजिन काढून बैल लावलेल्या त्या गाडीच्या घराण्यातून पुढे मिनिटाला हजारो फेरे मारणारं कावासाकीचं इंजिन निघावं, ही गंमत मला फार आवडते.

कंपनीने १९४८पासून दुचाकी आणि तीनचाकी आयात करून विकल्या, १९५९मध्ये स्वतः बनवण्याचा परवाना मिळवला, मग इटलीच्या पियाज्जोशी करार करून व्हेस्पा काढली. तो करार १९७१ला संपला. पुढे चेतकचं युग आलं आणि नोंदणी करून वर्षानुवर्षं वाट बघायची सवय मराठी घरांना लागली. औरंगाबादजवळ वाळूजचा कारखाना १९८५मध्ये सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी केबी १०० बाजारात आली. तिचं इंजिन अभ्यासण्याजोगं आहे. हवा-पेट्रोलचं मिश्रण आत घ्यायला तिच्यात क्रँकच्या टोकाला एक पातळ गोल तबकडी असते. तबकडीचा एक तुकडा कापलेला. तो कापलेला भाग समोर आला की दार उघडं, गेला की बंद. त्यामुळे कार्बोरेटर सिलिंडरच्या मागे नसून इंजिनच्या कुशीत, झाकणाआड बसतो. नवशिका मिस्त्री 'हिचा कार्बोरेटर कुठं गेला बावा' म्हणून शोधत बसे, आणि जुने लोक मजा बघत.

आता यामाहाकडे वळू. २०००जीटीवर टोयोटाचं नाव असलं तरी तिच्या इंजिनाचं दुहेरी कॅमशाफ्टचं डोकं यामाहाने घडवलं, गाड्या जोडल्याही यामाहानेच. मूळ यामाहा वाद्यं बनवणारी. तोराकुसू यामाहा या कारागिराने १८८७ साली हामामात्सू गावातल्या शाळेचा बिघडलेला ऑर्गन दुरुस्त केला, तिथून घराण्याची सुरुवात. मोटारसायकलची स्वतंत्र कंपनी १९५५ची, तरीही बोधचिन्हात आजसुद्धा एकमेकांवर ठेवलेले तीन स्वरकाटेच आहेत. वाय-ए-१ ही तिची पहिली गाडी १२५ सीसीची टू-स्ट्रोक होती, तिने त्याच वर्षी फुजी पर्वताच्या चढाची शर्यत मारली. म्हणजे आरएक्स १००च्या मागे तीस वर्षांची टू-स्ट्रोकची तालीम होती आणि चुलत्यांत एक २०००जीटी. ज्याला जपानी स्पोर्ट्स कारचं रक्त हवं त्याला याहून जवळचा नातेवाईक आपल्याकडे मिळणार नाही.

आरएक्स १००चे आकडे कागदावर अगदीच साधे दिसतात. सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर, पिस्टनची धावही ५० मिलिमीटर. हिशेब केला तर ९८ सीसी. शक्ती ११ अश्वशक्ती, ती ७५०० फेऱ्यांना. वजन १०३ किलो. गिअर चार. दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक.

या आकड्यांच्या आत काय चाललंय ते बघण्यासारखं आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक स्फोट, टू-स्ट्रोकमध्ये दर फेरीला एक. मिनिटाला ७५०० फेरे म्हणजे सेकंदाला १२५. पापणी लवते तोवर या पन्नास मिलिमीटरच्या नळीत डझनभर स्फोट होऊन गेलेले असतात. झडपा, कॅम, साखळी असलं काहीच नाही. पिस्टन वर जातो तेव्हा खालच्या क्रँककेसमध्ये पोकळी होते, त्या ओढीने ताजं मिश्रण आत येतं. पिस्टन खाली येतो तेव्हा तेच मिश्रण दाबलं जाऊन बाजूच्या खिडक्यांतून वर चढतं आणि जळालेला धूर बाहेर ढकलतं. आलेलं मिश्रण परत कार्बोरेटरकडे पळू नये म्हणून वाटेत रीड व्हॉल्व्ह असतो, म्हणजे पातळ पत्र्याच्या पाकळ्या. ओढ लागली की उघडतात, उलटा दाब आला की मिटतात.

पण खरा खेळ सायलेन्सरमध्ये आहे. धूर बाहेर पडताना दाबाची एक लाट सायलेन्सरभर धावते, पुढच्या निमुळत्या भागावर आपटून मागे फिरते, आणि नेमक्या वेळी पोचली तर बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये कोंबते. ती लाट वेळेवर पोचते फक्त ठरावीक फेऱ्यांना. म्हणून खालच्या फेऱ्यांत गाडी बेताची, आणि मग एकदम कुणीतरी पाठीत हात देऊन ढकलावं तशी सुटते. टू-स्ट्रोकचा 'पिकअप' म्हणून आपण जो सांगतो, तो परत फिरलेल्या लाटेचा. म्हणूनच सायलेन्सरची आतली जाळी काढून गावभर आवाज करत फिरणारा पोरगा स्वतःच्या गाडीची ताकदच कमी करत असतो, हे त्याला कुणी समजावू शकलेलं नाही.

आता वजनाचा हिशेब. ११ अश्वशक्ती भागिले १०३ किलो, म्हणजे टनाला १०७. मारुती ८००ची ३७ अश्वशक्ती आणि साधारण साडेसहाशे किलो, म्हणजे टनाला ५७. डॅटसन २४०झेडची १५१ आणि हजारावर थोडे किलो, टनाला १४०च्या वर. आपली यामाहा मारुतीच्या दुपटीजवळ आणि डॅटसनपासून फार लांब नाही. मात्र हा हिशेब गाडी रिकामी असतानाचा, आणि रिकामी मोटारसायकल पळत नाही. साठ किलोचा मुलगा बसला की आकडा ६७वर येतो. पंच्याऐंशी किलोचा काका बसला की ५८वर. म्हणजे काका मारुतीत बसला काय नि यामाहावर बसला काय, फरक थोडाच. कॉलेजात हवेशी बोलणाऱ्या गाडीबद्दल पन्नाशीत 'आता पूर्वीसारखी राहिली नाही' असं वाटतं, त्यात दरवेळी गाडीचाच दोष असतो असं नाही.

चालवायची कुठे? समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातून जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे, आणि नसती तरी तिथे जाऊन काही हाती लागलं नसतं. सरळ सपाट काँक्रिटवर तासन्‌तास एकाच वेगाने जाणं म्हणजे टू-स्ट्रोकला शिक्षा. तिला हवा गिअर बदलायला लावणारा रस्ता. वर्ध्याहून सेलू, हिंगणी करत बोर धरणाकडे जाणारी वाट त्यासाठी चांगली. आर्वीच्या रस्त्यावर खरांगण्याच्या पुढचा झाडीचा भागही चांगला. हिवाळ्यात सकाळी लवकर निघावं. रस्त्याच्या कडेला पऱ्हाटी फुटलेली असते, मधूनच हिंगणघाटच्या जिनिंगकडे कापूस भरून निघालेली गाडी लागते, गावाजवळ कुणी अर्धा रस्ता अडवून सोयाबीन वाळत घातलेलं असतं. दुसऱ्या गिअरवर वळण घ्यायचं, वळण सुटता सुटता मनगट पिळायचं, आवाज भरड्याचा बारीक आणि धारदार झाला की तिसरा. वेग काट्यावर साठ-सत्तर असतो फक्त. महागड्या नव्या गाडीला एवढ्याने जांभई येईल, इथे मात्र इंजिन आपल्याजवळचं सगळं देत असतं, आणि चालवणाऱ्यालाही सगळं द्यावं लागतं. छोटं इंजिन पूर्ण वापरण्यात जी मजा आहे ती मोठं इंजिन पाव वापरण्यात नाही, असं माझं ठाम मत आहे.

तेवढ्यात रोही, म्हणजे नीलगाय, आडवी येते. बोरच्या बाजूला हे नेहमीचं. ड्रम ब्रेकवर भरवसा ठेवून चालवणाऱ्याने पुढचं वळणच नव्हे, वळणापलीकडचं शेतही बघत जायचं असतं.

हिवाळ्याची सकाळ का, यामागे पदार्थविज्ञान आहे. वर्ध्यात डिसेंबरच्या पहाटे पारा दहा अंशांवर उतरतो आणि मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे जातो. पंचेचाळीस अंशांची हवा दहा अंशांच्या हवेपेक्षा साधारण ११ टक्के विरळ असते. इंजिन दर फेरीला तेवढीच जागा भरतं, पण उन्हाळ्यात त्या जागेत प्राणवायू कमी मावतो. त्यात सिलिंडर हवेनेच थंड होणारा, आणि हवाच भट्टीतली. म्हणून मे महिन्यात दुपारी यामाहा दमते आणि डिसेंबरात सकाळी खूश असते. मात्र थंड हवेत प्राणवायू जास्त आणि पेट्रोल तेवढंच, म्हणजे मिश्रण कोरडं पडतं, आणि कोरड्या मिश्रणावर जोरात पळवलं तर पिस्टन तापून सिलिंडरला धरतो. धावत्या गाडीचं मागचं चाक अचानक अडतं. अशा वेळी क्लच दाबायचं भान ज्याला राहतं तो शिकलेला.

हे सगळं मला समजावणारे मिस्त्री पुस्तक वाचून शिकलेले नव्हते. त्यांचं निदान प्लग बघून. प्लग खोलून टोकाचा रंग बघायचा. चहासारखा तपकिरी असला तर ठीक, काळा ओला असला तर पेट्रोल जास्त, पांढरट असला तर धोका. 'भाऊ, हिले पहिले गरम होऊ द्या, मग पिळा. थंडीत डायरेक पिळता अन्‌ मंग आमच्याकडे येता,' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पिस्टनने सिलिंडरला ओरखडे पाडले की बोअर मारून घ्यावा लागतो. सिलिंडर आतून पाव मिलिमीटरने मोठा करायचा आणि त्या मापाचा पिस्टन टाकायचा. असे पाव-पाव करत चार टप्पे, एक मिलिमीटर झालं की नवीन स्लीव्ह. चार वेळा चुकण्याची सोय गाडीतच आहे. पिस्टनच्या रिंगा, क्रँकचं ऑइल सील, क्लच प्लेटा, सगळं जिल्ह्याच्या ठिकाणी बसवून होतं. कॉम्प्युटर जोडून बघावं असं तिच्यात काहीच नाही. जपान्यांनी मापं इतकी नेमकी धरली होती की खेड्यातल्या मिस्त्रीने साध्या हत्यारांनी खोलून जोडली तरी ती सुरू होते. ही मोठी कला आहे आणि तिचं कौतुक अश्वशक्तीपेक्षा जास्त व्हायला हवं.

तेलाकडे मात्र कानाडोळा करून चालत नाही. आरएक्समध्ये टू-स्ट्रोक तेलाची टाकी वेगळी, आणि एक छोटा पंप ॲक्सिलरेटरच्या हिशेबाने तेल सोडतो. जुन्या पंपावर विश्वास नसलेले लोक तो बंद करून तेल पेट्रोलमध्येच मिसळतात. दोन्ही चालतं, पंप बंद केला आणि मिसळायचं विसरलं हे चालत नाही. हल्ली इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची भर पडली आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जुने रबरी भाग फुगवतं, आणि मिश्रण आणखी कोरडं करतं. जुनी गाडी महिनोन्‌महिने टाकी भरून उभी ठेवू नये, आणि जेट एक माप मोठा टाकावा. आठवड्यातून एकदा तरी चालवावीच.

तक्रारीही ऐकून घ्यायला हव्यात. टू-स्ट्रोकच्या खिडक्या एकाच वेळी उघड्या राहत असल्यामुळे ताज्या मिश्रणाचा बराच वाटा न जळताच बाहेर जातो. वर तेल जळून निळा धूर. मागे बसणाऱ्याच्या साडीला वास आणि मागून येणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी. देशात धुराचे नियम १९९१ला आले, १९९६ला कडक झाले, आणि त्याच वर्षी आरएक्स १००चं उत्पादन थांबलं. तिची १३५ सीसीची भावंडं २००५पर्यंत तग धरून होती. हा निर्णय योग्यच होता. देशातल्या सगळ्या दुचाकी टू-स्ट्रोक राहिल्या असत्या तर शहरात श्वास घेणं मुश्कील झालं असतं. हौसेची एखादी गाडी रविवारी चालवणं आणि रोज लाखोंनी चालवणं यात फरक आहे, आणि हौशी माणसाने तो विसरू नये.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा, पण टाळता येत नाही. २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना विंटेज म्हणून 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट दिली, पण ती लावलेली गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली किंवा देखभालीपुरतीच निघते. १९८५ची गाडी त्या वयाला अजून पोचलेली नाही. ती साधी जुनी गाडीच. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुन्हा नोंदणी, तपासणी, पर्यावरण कर, पीयूसी. एका अर्थी बरंच आहे, साधा नंबर लावून ती भाजी आणायलाही नेता येते.

घ्यायची असेल तर आधी चासी नंबर आणि इंजिन नंबर नोंदणीच्या पुस्तकाशी ताडून बघा, कारण या गाड्या चोरीलाही पुष्कळ जातात आणि तुकडे जोडूनही विकल्या जातात. सुरुवातीच्या गाड्यांचा नंबर '१एल१'ने सुरू होतो. त्यासाठी लोक जास्त पैसे मोजतात, म्हणून तो नंबर ठोकून घेणारेही भेटतात. अक्षरांची ओळ वाकडी, खोली कमीजास्त, भोवती घासल्याच्या खुणा असल्या तर हात जोडून निघावं. चकचकीत क्रोमला भुलू नये, ते कुठेही करून मिळतं. विकणारा गाडी आधीच गरम करून ठेवत असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जावं आणि थंड इंजिनाला आपण स्वतः किक मारावी. चोक ओढून दोन-तीन किकांत सुरू व्हायला हवी. मग मॅग्नेटच्या बाजूला कान देऊन घुरघुर येते का ऐकायचं. आली तर क्रँकची बेअरिंगं गेलेली, आणि किंमत त्या हिशेबाने खाली आणायची.